एकतिसाव्या किलोमीटरची वेळ

सफागा, २ मार्च

उस्ताझ रिफअत,
आणि भावाला हे पत्र मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सित्त नजवा,

दोघांना सलाम. सित्त नजवा, आधी तुमच्याशी बोलतो. जिथे मी थट्टा केली आहे तिथे जरा थट्टेच्या सुरात वाचा. मागे माझी ईदची चिठ्ठी तुम्ही अशी वाचलीत म्हणे, की रिफअतला वाटलं माझ्या घरी कोणी गेलं. मी तुम्हाला आवडत नाही हे मला ठाऊक आहे. तरी मधली वाक्यं गाळू नका.

रिफअत, दोन वर्षं मी मूग गिळून बसलो. अलेक्झांड्रिया सोडली त्या दिवशी तुमच्या दारापर्यंत आलो होतो. जिना चढलो नाही. इथे तांबड्या समुद्रावर, सफाग्याला, बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, बंदरामागे एक खोली आहे, शेजारी कोंबड्या आहेत. पाणी आपल्याकडच्यापेक्षा खारट आहे, तुझ्या जिभेला पहिल्याच घोटात कळेल.

पत्राचं कारण सांगतो. मी पुन्हा सुरू केलंय. नोव्हेंबरात याच किनाऱ्यावर तीच लांब शर्यत आहे, आपण गेलो होतो ती. पावणेचार किलोमीटर पोहणं, एकशेऐंशी सायकल, बेचाळीस पळणं. अंध खेळाडूचा अर्ज जोडीने भरतात हे तुला सांगायला नको. गाइडच्या रकान्यात मी माझं नाव लिहून ठेवलंय. त्याच्या वरचा रकाना मोकळा आहे. शेवटची तारीख एकतीस मे.

त्याआधी एप्रिलात अर्धी शर्यत करतोय. सगळंच निम्मं, तालीम म्हणून. खेळाडूला गाइडशी जोडणाऱ्या दोराच्या दुसऱ्या टोकाला कॅप्टन बदावी आहेत. मूळचे पोर्ट सईदचे, वय एकसष्ट, आयुष्यभर सुएझ कालव्यावर फेरीबोट चालवली. काचबिंदूने नजर गेली, पण आवाज अजून बोटीवरचाच आहे. पहिल्या दिवशी दोर हातात घेऊन मला म्हणाले, "पोरा, चाळीस वर्षं मी दुनियेला या काठावरून त्या काठाला नेलं. आता तू मला ने. आणि मध्ये कुठे आपटलास तर तिकिटाचे पैसे परत!"

तुम्हा दोघांचं जमेल. जमेल म्हणजे भांडण जमेल.

उत्तर दे. नाही दिलंस तरी मी लिहिणार.

तुझा
शौकी


सफागा, २१ मार्च

उस्ताझ रिफअत,

सित्त नजवांचं उत्तर आलं. शिवणाच्या पावतीच्या मागे लिहिलंय, जसंच्या तसं उतरवतो: "वाचून दाखवलं. ऐकलं. चहा प्यायला. जोडसायकल गच्चीवर आहे, तिच्यावर कबुतरं बसतात. नजवा."

कबुतरांचं कशाला लिहिलं असेल यावर मी दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी ठरवलं, की ज्या बाईला मी खरंच नको असतो तिने कबुतरं लिहिली नसती. सित्त नजवा, चुकत असेन तर पुढच्या पावतीवर शिव्या घाला.

रोजे चालू आहेत, म्हणून आम्ही सूर्य मावळायच्या तासभर आधी पळतो. घशाला कोरड, पोटात कावळे, आणि परत येईपर्यंत अजान होते. कॅप्टन पळताना सगळा वेळ कतायेफबद्दल बोलतात. आतलं सारण, वरचा पाक, पोर्ट सईदची कुठली बाई ते कसं तळायची. मी परवा म्हटलं, "कॅप्टन, अल्लासाठी दुसरं काही बोला." तर म्हणाले, "बोलायचं काम तुझं आहे, तू बोलत नाहीस म्हणून मी बोलतोय. पुढे काय आहे? खड्डा आहे? बकरी आहे? माझ्या बायकोची बहीण आहे? काहीतरी सांग!"

खरं आहे ते. तूच मला शिकवलं होतंस. कोर्निशच्या समुद्राकाठच्या रस्त्यावर पहिल्या महिन्यात मी तुला दोनदा खांबावर आदळवलं, तेव्हा कपाळाला बर्फ लावून तू या मिस्त्रीला वर्गात मुलांना सांगतोस तसं सांगितलंस, "उस्ता, पाय माझे मला आहेत. तुझे मला नकोत. गाइडचं काम पळणं नाही, सांगणं. जे दिसतं ते सांग, जसं आहे तसं, आणि वेळेवर." मग तू स्वतः दोर माझ्या मांडीला बांधलास. गाठ नेहमी तूच मारायचास, माझ्या गाठीवर तुझा भरवसा नव्हता.

कॅप्टनच्या मनगटावर बोलतं घड्याळ आहे, तुझ्याकडे होतं तसलंच. तुझं माझ्याकडे राहिलं, रिफअत. शर्यतीच्या पहाटे तू ते काढून माझ्या हातात दिलंस आणि म्हणालास, "ही घड्याळातली बाई दिवसभर डोकं खाईल. डोळे तुझे घेतलेच आहेत, वेळही तूच सांग." मी ते सामानाच्या पिशवीत टाकलं. परत करायचं राहून गेलं. अजून चालतं. दर तासाला कपाटातून बोलतं, आणि मी हातातला पाना खाली ठेवतो. सेल दोनदा बदललाय.

तू हळू नव्हतास, एवढंच आज लिहायचं होतं. बाकीचं भेटीत.

शौकी


सफागा, १३ एप्रिल

उस्ताझ रिफअत, सित्त नजवा,

कालच्या टपालाने दोन पानं आली. पहिल्यावर तुझा निरोप, ताईंच्या अक्षरात. "त्याला लिही, मी हळू पोहतो. माझ्या पोहण्याने मुदत हुकली. हळू माणसाने दुसऱ्याच्या सुट्टीचे शुक्रवार सरावात खाऊ नयेत. त्याने दुसरा शोधावा, त्याने शोधलाही आहे. बरं झालं."

दुसऱ्या पानावर तुम्ही लिहिलंय, सित्त नजवा, आणि ते तुम्ही त्याला वाचून दाखवलेलं नाही असं दिसतं. तो तलावावर जात नाही. शाळा ते घर, घर ते शाळा, काठी टेकत. शाळेतल्या मुलांना उन्हाळ्यात समुद्रावर न्यायचा, तेही सोडलं. वजन वाढलंय. आणि शेवटी: "तू त्याला सोडून गेलास तो हळू होता म्हणून, असं त्याने मनाशी धरलंय. खरं असेल तर परत लिहू नकोस. खोटं असेल तर नीट लिही, असं कोड्यात नको. मी शिवणकाम करणारी बाई आहे, मला उसवलेलं कळतं."

हे पान घेऊन मी धक्क्यावर बसलो होतो. एका बोटीचं इंजिन उघडं पडलं होतं, मालक दोनदा ओरडून गेला.

खोटं आहे, सित्त नजवा. साफ खोटं आहे. तो हळू होता म्हणून मी गेलो नाही. का गेलो ते सांगायला मी दहा कागद फाडले. प्रत्येक वेळी तुमचा आवाज कानात येतो, तुम्ही ते वाचताय, तो समोर चहाचा पेला धरून बसलाय, आणि मधल्या एका वाक्यावर तुम्ही थांबता. काही गोष्टी माणसाने दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नयेत. ही सबब आहे हे मला कळतं. खाई त्याला खवखवे.

मला थोडे दिवस द्या. पंचवीस तारखेला अर्धी शर्यत आहे, ती होऊ दे. कॅप्टन मला संध्याकाळचं एक काम शिकवताहेत. त्यांना स्वतःला ते अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकावं लागलं, त्यामुळे माझ्या मंदपणावर ते फार हसत नाहीत, थोडंच हसतात. जमलं तर तुम्हाला कळेलच.

आणि रिफअत, मी दुसरा शोधलेला नाही. कॅप्टनना लांब शर्यत नकोच आहे. म्हणतात, "एवढा वेळ तुझ्याबरोबर? मी बायकोबरोबर नाही काढला."

शौकी


सफागा, २७ एप्रिल

उस्ताझ रिफअत, सित्त नजवा,

शर्यत झाली. सगळं सांगतो, क्रमाने, आणि गाळत काही नाही.

सुरुवात मासळीपासून. सोमवारी शम्म नसीमचा सण होता. मी कॅप्टनना आठवडाभर बजावत होतो, या वर्षी फसीख नाही, खारवलेला सडका मासा शर्यतीच्या चार दिवस आधी कोणी खात नाही. त्यांनी आईची शपथ घेतली. सोमवारी दुपारी त्यांच्या गल्लीत शिरलो तर कोपऱ्यापासूनच वास. दारात उभे राहून तोंड पुसत म्हणाले, "मी नाही खाल्लं, पाहुण्यांनी खाल्लं." पाहुणे कोण, तर कोणी नाही. ताटात तीन डोकी होती. मंगळवार-बुधवार ते फक्त उकडलेल्या बटाट्यावर आणि पश्चात्तापावर होते. गुरुवारी पश्चात्ताप संपला, बटाटा राहिला.

शुक्रवारी सकाळी सातला पाण्यात उतरलो. मुदत साडेतीनपर्यंत, साडेआठ तास. दोर मांडीला, गाठ त्यांनी मारली, ही पद्धत मी त्यांनाही लावलीय. पोहताना ते गातात. तोंडात पाणी जातं, खोकतात, पुन्हा तिथूनच सुरू करतात. बाहेर आलो तेव्हा घड्याळातली बाई मुकी झाली होती, खारं पाणी आत गेलं होतं. कॅप्टननी मनगट कानाला लावलं, हलवलं, आणि म्हणाले, "बुडाली बिचारी. आता वेळ तू सांग."

माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. एवढंच लिहितो.

सायकलला जाताना वारा पाठीत होता, येताना छातीत. उत्तरेचा वारा इथे कोणाची भीड ठेवत नाही. पंचेचाळीस किलोमीटर आम्ही जणू पीठ मळत आलो. पुढे बसून मी सांगत होतो, डावं वळण, चढ, ट्रक, उंट, आता उतार. कॅप्टन मागून पायडल मारत विचारत होते, "उंट कोणाचा?"

पळायला लागलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. चौदा किलोमीटर बरे गेले. पंधराव्याला माझी पोटरी धरली. आधी चिमटा, मग दगड. मी काही बोललो नाही. पाऊल लांब टाकून पाहिलं, आखूड टाकून पाहिलं. कॅप्टनच्या हाताला दोरातून कळलं असणार. मग त्यांनी विचारलं, "पोरा, वेळ काय झाली?"

रिफअत, रस्ता मोकळा होता. मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही. घड्याळ मुकं. मी काहीही सांगू शकलो असतो.

मी म्हटलं, "दोन वाजून चौतीस. छप्पन्न मिनिटं आहेत आणि सहा किलोमीटर. तुमच्या वेगाने जमतं. पण कॅप्टन, माझ्याने होत नाही. माझा पाय गेला."

इंजिनाच्या वंगणात हात घालून पंचवीस वर्षं काढलेला माणूस मी, आणि एका पोटरीसाठी रस्त्यात रडकुंडीला आलो.

ते थांबले. "कुठला पाय?"

"डावा."

"मग आधी सांगायचं. बस खाली. सांगायला काय पैसे पडतात?" ते माझ्यासमोर मांडी घालून डांबरावर बसले, पोटरी चाचपडत शोधली आणि असे दाबायला लागले की मी ओरडलो. "ओरड. फेरीबोटीचं इंजिन कालव्याच्या मधोमध बंद पडलं ना, की कॅप्टन प्रवाशांना काय सांगतो ठाऊक आहे? 'इंजिन बंद पडलंय, बसा.' लोक शिव्या देतात, शेंगा खातात, बसतात. आणखी काय सांगणार? किनारा सरकला म्हणून सांगणार?"

मी त्यांना तुझ्याबद्दल काही सांगितलेलं नाही, रिफअत. एक शब्द नाही. ते आपले फेरीबोटीचंच बोलत होते.

अकरा मिनिटं गेली. मग उठलो. काही पळलो, काही लंगडलो. शेवटचे दोन किलोमीटर दोर त्यांच्या बाजूला ताणलेला होता, म्हणजे ओढत कोण होतं ते समज. गाइडने रेषा आधी ओलांडायची नाही, तशी वेळही आली नाही, मी हातभर मागेच होतो.

"आलो?" त्यांनी विचारलं.

"आलो. तीन एकोणचाळीस. नऊ मिनिटं उशीर."

"म्हणजे नाव लागणार नाही?"

"नाही लागणार. माझ्या पायामुळे."

"बरं." जरा वेळ कमरेवर हात ठेवून उभे राहिले. वाईट त्यांना वाटलं, तोंडावर दिसत होतं, आणि ते लपवायच्या भानगडीत ते पडले नाहीत. मग म्हणाले, "पुढच्या वर्षी तू केळी जास्त खा. मी फसीख कमी खातो." रेषेवरची वेळ नोंदवणारी पट्टी गुंडाळणाऱ्या मुलीने त्यांना एक संत्रं दिलं. त्यांनी चाचपून बरोबर अर्धं केलं आणि मोठा अर्धा भाग स्वतः घेतला.

तालमीला गेलो होतो. कशाची तालीम हवी होती ते तिथे कळलं. पोहणं, सायकल, पळणं नव्हे, ते एक वाक्य. ते म्हटलं तरी आभाळ कोसळत नाही. माणूस शिव्या देतो, पोटरी दाबतो, आणि वेळ लागतो तेवढा लागतो.

सित्त नजवा, पुढचं पत्र तुम्हाला वाचता येणार नाही. राग मानू नका. ते त्याच्या हातात द्या.

शौकी


सफागा, ९ मे

रिफअत,

हे मी ब्रेलमध्ये टोचून लिहितोय. पाटी आणि टोचणी कॅप्टनची. उजवीकडून टोचत जायचं, पान उलटवून डावीकडून वाचायचं. एक ओळ पाव तास खाते. म्हणून थोडकं लिहितो. नजवाला या ठिपक्यांतलं काही कळत नाही. हे तुझ्या बोटांखाली राहील.

एकतिसावा किलोमीटर. तू विचारलंस, वेळ काय.

मी सांगितलं, सात वाजून दहा. इथली मुदत सातची होती. वेळेची पट्टी उचलली त्यांनी. संपलं.

तेव्हा सहा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

पट्टी तिथेच होती. मी तिच्यावर उभा होतो.

शेवटची मुदत साडेनऊची. अकरा किलोमीटर, पावणेतीन तासांच्या वर. चालत, गप्पा मारत गेलो असतो तरी पोचलो असतो. तू पोचला असतास. तुझे पाय चांगले होते. मी तुझी पावलं ऐकत होतो.

माझे पाय संपले होते. अठ्ठाविसाव्यापासून. तू विचारलंस, उस्ता, ठीक ना? मी म्हटलं, तुझी काळजी कर.

त्या उन्हाळ्यात लांब पळायचे पाच शुक्रवार मी बुडवले. तुला म्हणायचो, मालकाचं इंजिन आहे. इंजिन नव्हतं. मी झोपलेलो असायचो. वाटायचं, आंधळ्या माणसाच्या पुढे पळायला कितीसं लागतं. असंच वाटायचं. हेच शब्द.

गाइड थांबला की खेळाडू बाद. मला म्हणता आलं नाही, की माझ्याने होत नाही. तू खांबावर आदळलास, रक्त आलं, तरी थांबला नाहीस. तुला काय सांगणार होतो.

दमलेल्यांना उचलणाऱ्या गाडीवाल्याला मी बाजूला घेऊन सांगितलं, माझ्या सोबत्याला बरं नाही. तशीच नोंद झाली. तुझ्या नावावर.

गाडीत ड्रायव्हरने रेडिओ लावला. सातच्या बातम्या लागणार होत्या. मी त्याला रेडिओ बंद करायला लावला. तुझं डोकं दुखतंय म्हणून. तुझं डोकं दुखत नव्हतं.

मग तू माझा गुडघा शोधलास. त्यावर हात ठेवलास. म्हणालास, माफ कर उस्ता, माझ्या पोहण्याने घात केला.

मी म्हटलं, असू दे.

वेळ खोटी सांगितली तेव्हा मी घाबरलो होतो. असू दे म्हणालो तेव्हा घाबरलो नव्हतो. मला बरं वाटलं होतं. दोन वर्षं मला तेवढंच ऐकू येतं.

म्हणून जिना चढलो नाही.

तू हळू नव्हतास. तुझी शर्यत तुझ्याकडून मी घेतली. ती परत देता येत नाही. खरी वेळ तेवढी देता येते. सहा पस्तीस.

रकाना अजून मोकळा आहे. दुसरा गाइड घेतलास तरी चालेल. अर्जावरचं माझं नाव खोडून पाठवतो. पण तू ये.

शौकी


सफागा, २८ मे

रिफअत, सित्त नजवा,

हे पत्र साधं आहे, शाईचं आहे, आणि मोठ्याने वाचायचं आहे.

तुझं पान मंगळवारी आलं. दुकान बंद केलं, दाराला कडी लावली आणि टेबलावर पसरलं. बोटांनी मला अजून काही कळत नाही, खिडकीशी तिरकं धरून सावलीवर वाचावं लागतं. पूर्ण सकाळ लागली. पहिलीच ओळ लागली तेव्हा खुर्चीवरून पडायचा राहिलो: "शुद्धलेखन, वीसपैकी सात." मास्तर तो मास्तरच!

पुढचं मी इथे उतरवतो, कारण सित्त नजवांनी ते वाचलेलं नाही आणि आता मला त्यांच्यापासून लपवायचं काही नाही.

"तीन वेळा वाचलं. दुसऱ्या वेळी फाडायला गेलो. कागद जाड निघाला.

दोन वर्षं मी माझ्या हातांना शिव्या दिल्या. शाळेतल्या पोरांना सांगितलं, पाण्याच्या नादी लागू नका. ते तू मला परत कसं देणार?

तुला माफ केलेलं नाही. करेन की नाही ठाऊक नाही. पण शर्यत माझी आहे आणि ती मला हवी आहे. दुसरा गाइड शिकवायला माझ्याकडे वेळ नाही. तुझं निदान मला खांबावर आदळवून झालं आहे. रकान्यात माझं नाव लिही.

शुक्रवारी ये. साखळी गंजली आहे. माझं घड्याळ घेऊन ये. या वेळी ते माझ्या हातावर राहील."

नाव लिहिलं. कालच अर्ज पाठवला, चार दिवस आधी. कॅप्टनना वाचून दाखवलं तर म्हणाले, "घड्याळ मागितलं? शहाणा माणूस आहे. मी असतो तर दोन मागितली असती." मग मी त्यांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "म्हणजे तू किनारा सरकवलास," आणि चहा टाकायला उठले. चहा त्यांनी दोघांचा टाकला.

सित्त नजवा, आता तुमच्यासाठी. तुम्ही लिहिलं होतं, नीट लिही, कोड्यात नको. तर नीट लिहितो, आणि हे त्याच्या समोर, मोठ्याने, न थांबता वाचा: तुमचा भाऊ हळू नव्हता. तो पोचला असता. माझे पाय संपले, आणि मी त्याला वेळ खोटी सांगितली. मग त्याने माझी माफी मागितली आणि मी ती घेतली.

वाचलंत? आता चप्पल शोधून ठेवा. पुढच्या शुक्रवारी नमाजानंतर पोचतो, आणि या वेळी जिना चढून येतो. येताना साखळीचं तेल, नवा दोर आणि सफाग्याचे वाळवलेले मासे आणतोय. कबुतरांना तेवढं दुसरं घर बघायला सांगा.

घड्याळाला काल नवा सेल घातला, वेळ रेडिओवर लावून घेतली. आत्ता आतल्या बाईने पाच वाजल्याचं सांगितलं आणि मी पेन खाली ठेवलं नाही.

गाठ तूच मार, रिफअत. मी डावा-उजवा, खड्डा, उंट, जे दिसेल ते सांगेन, आणि पाय गेला तर तेही सांगेन. एकतिसाव्या किलोमीटरला वेळ मी तुला विचारेन. तू सांग.

शौकी